जागेची निवड

वार्षिक अंकासाठी आमच्याकडून लेख मागताना संपादक मंडळाच्या मनात एखाद्या कवितेचे रसग्रहण किंवा सहलीचे वर्णन असावे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, मराठी आणि इतिहास शिकविणारे. तेव्हा ही अपेक्षा वावगी नव्हे. परंतु यंदा आम्ही लिहिणार आहोत ते मालवाहू गाडीत हवा भरण्याचे यंत्र, म्हणजे गॅरेजात ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात ते, कोठे बसवावे या विषयावर. विषय ऐकून आमचे विज्ञानशिक्षक सहकारी हसले. त्यांच्या हसण्याचे आम्हांस नवल वाटले नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही एकदा चुकलो आहोत, आणि त्या चुकीची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमचे घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आहे. घरी बोलतो ती कोंकणी, शाळेत शिकलो आणि शिकवितो ती मराठी. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, भाजीचा व्यापार करतात. गोव्यात खपणाऱ्या भाजीचा मोठा भाग बेळगावाहून येतो, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. दादा दुपारी केरीहून घाट चढतात, कणकुंबी आणि जांबोटी मागे टाकून बेळगाव गाठतात, माल भरतात, आणि रात्रीच घाट उतरून उजाडण्यापूर्वी म्हापशाच्या बाजारात पोहोचतात. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो यांचे आयुष्य ते किती! बाजाराची वेळ टळली की मालाचे मोल निम्मे होते. ज्या छोट्या ट्रकवर हा सारा व्यवहार चालतो तो बँकेच्या कर्जावर घेतलेला आहे, आणि त्याचा हप्ता दरमहा ठरल्या दिवशी भरावा लागतो.

गाडी डिझेलवर चालते हे सर्वांस माहीत असते; ती हवेवरही चालते याचा मात्र विसर पडतो. जॉन बॉइड डनलॉप याने 1888 साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, आणि रस्त्यावरचे ओझे कोंडलेल्या हवेवर तोलले जाऊ लागले. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब चौरस इंचास सुमारे 14.7 पौंड असतो. दादांच्या भरल्या गाडीच्या मागील चाकांत त्याहून 60 पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौपट, अधिक दाब लागतो. तो कमी झाला की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि अखेरीस फाटते. मोठ्या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून त्यांच्या इंजिनालाच कॉम्प्रेसर जोडलेला असतो. दादांच्या गाडीस ती सोय नव्हती. रात्रीच्या वेळी घाटात हवा भरण्याचे दुकान कोठून मिळणार? म्हणून 2022 च्या दिवाळीत दादांनी बॅटरीवर चालणारा एक कॉम्प्रेसर विकत आणला. वीतभराहून थोडा लांब आणि उचलला तर हाताला चांगला जड लागणारा.

आता तो बसवायचा कोठे? दादांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. सोबत आलेली माहितीपुस्तिका आम्ही चाळली होती, आणि आमच्या घरी जो वाचतो तो शहाणा, अशी समजूत आहे. आम्ही गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोनेटखाली फार दाटी होती. हौद्यात ठेवावा तर कोबीची दोन पोती कमी बसली असती. क्लीनरच्या आसनाखालच्या पेटीत जॅक, पाने आणि दोरखंड यांचा संसार पहिल्यापासून मांडलेला होता. तो मोडणे दादांच्या जिवावर आले. शेवटी आम्ही हौद्याच्या खाली, मागच्या डाव्या चाकाच्या पाठीमागे, चासीलगतची एक मोकळी जागा दाखविली. तेथे कोणाची अडचण होत नव्हती. काही हलवावे लागत नव्हते. यंत्र बाहेरून दिसतही नव्हते. चाके जवळ, म्हणून नळीही आखूड पुरत होती. आम्हांस ही निवड फार नेटकी वाटली.

आई पायरीवर तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, “आनी तें स्वास खंयच्यान घेता?” आणि ते श्वास कोठून घेते? आम्ही हसलो. “आई, यंत्राला कसला श्वास?” असे म्हणून आम्ही दादांस बोल्ट आवळण्यास सांगितले. आई पुन्हा सुपाकडे वळली. तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा यंत्र उत्तम चालले, आणि आमच्या अकलेची घरात दोन-तीनदा वाखाणणीही झाली.

2023 च्या जुलै महिन्यात, एका रात्री, भरली गाडी घाट उतरत असताना मागचे चाक बसले. सत्तरीतील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्या रात्रीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दादांनी आणि क्लीनरने भिजत, बॅटरीच्या उजेडात चाक बदलले. परंतु स्टेपनी महिनोन् महिने तशीच टांगलेली होती, आणि तिच्यातील हवा निम्म्यावर आली होती. एवढ्या ओझ्याखाली तिच्यावर घाट उतरणे म्हणजे दुसरे चाक गमावणे. तथापि दादांस चिंता वाटली नाही. अशाच प्रसंगासाठी तर कॉम्प्रेसर घेतलेला होता. त्यांनी कळ दाबली. यंत्र एकदा गुरगुरले, थबकले, आणि फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज घातला, तोही उडाला. त्या वळणावर मोबाइल लागत नव्हता. सकाळी खाली उतरणाऱ्या एका गाडीबरोबर निरोप आला, आणि आम्ही हवा भरलेले दुसरे चाक घेऊन वर पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. म्हापशाचा बाजार केव्हाच उठला होता. कोथिंबीर काळी पडली होती आणि तळच्या टोपल्यांतील टोमॅटोंचे पाणी हौद्यातून गळत होते.

त्या महिन्याचा हप्ता आमच्या पगारातून भरला गेला. दादांनी पैसे मागितले नव्हते. आम्ही दिले आणि त्यांनी मुकाट्याने घेतले. आमच्या निवडीबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

गाडी आम्ही स्वतः दादांबरोबर वाळपईच्या एका गॅरेजात नेली. मेस्त्रींनी काम एका तरुणाच्या हाती सोपविले. उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्याने आम्हांस पाहताच हातातील पाना खाली ठेवून नमस्कार केला, तेव्हा ओळख पटली. तो आमचाच विद्यार्थी. 2017 साली दहावीस बसला, गणितात आणि इंग्रजीत राहिला, आणि पुन्हा शाळेकडे फिरकला नाही.

त्याने कॉम्प्रेसर उतरविला आणि आमच्यासमोर उघडला. आत तांबडा गाळ साचला होता आणि दट्ट्या नळकांड्यात गच्च अडकला होता. त्याने यंत्राच्या अंगावरील एक लहानसे भोक दाखविले. त्याच्या तोंडाशी असलेली स्पंजाची गाळणी चिखलाने बुजून फाटली होती. “सर, हे ह्याचे नाक. बाहेरची हवा हा इथून ओढतो, दाबतो आणि चाकात सोडतो. चाक ज्या ठिकाणी पाणी उडविते, नेमके तिथेच ह्याचे नाक होते. हवा दबते, पाणी दबत नाही. मग हा अडकला.” आईचा प्रश्न आम्हांस आठवला. नऊ महिन्यांपूर्वी ज्या प्रश्नास आम्ही हसलो होतो, त्याचे उत्तर गॅरेजच्या फरशीवर तांबड्या चिखलाच्या रूपाने पसरले होते.

नवा कॉम्प्रेसर घेणे भागच होते. तो कोठे बसवावा असे आम्ही त्या तरुणास विचारले. त्याने लगेच उत्तर दिले नाही. त्याने गाडीच्या एकेका जागेवर हात ठेवून पाहिला, आणि आम्हांसही ठेवावयास लावला.

प्रथम बोनेट. गाडी नुकतीच घाटातून आलेली. इंजिनाजवळ हात धरवेना. चालत्या इंजिनाचे पाणी 90 अंशांच्या आसपास तापलेले असते. त्यात कॉम्प्रेसर स्वतःही तापतो. सायकलच्या पंपाने जोराने हवा भरली की पंपाचे खालचे टोक कसे चटके देते, हा अनुभव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. 30 अंश तापमानाची हवा, तिची उष्णता बाहेर जाऊ न देता, मूळच्या आठपट दाबापर्यंत दाबली, तर तिचे तापमान 200 अंशांच्याही वर जाते. प्रत्यक्षात काही उष्णता यंत्राच्या अंगावाटे निघून जाते. परंतु ती जाण्यास भोवती गार हवा हवी. शिवाय तापलेली हवा विरळ असते. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत ती थोडीच आत येते, आणि चाक भरावयास वेळ अधिक लागतो. “जो आधीच तापतो, त्याला तापलेल्याच्या शेजारी बसवू नये,” असे तो म्हणाला.

मग हौदा. तेथे पोत्यांच्या दडपणाची आणि चोराची भीती होतीच. परंतु त्याची मुख्य हरकत तारेला होती. कॉम्प्रेसर 30 अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरी पुढे, बोनेटखाली. तेथून हौद्याच्या मागील टोकापर्यंत जाता-येता आठ मीटर तार. आपण घरात वापरतो त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा अवरोध इतक्या लांबीस सुमारे 0.06 ओहम भरतो. त्याने खडूने एका डिझेलच्या पिंपावर गुणाकार मांडला: 30 गुणिले 0.06, म्हणजे 1.8 व्होल्ट. बॅटरीतून बारा निघाले तर यंत्रापाशी दहाच्या जरा वर पोहोचणार. बाकीचे वाटेत तार तापविण्यात खर्ची पडणार. तार जाड घेता येते, पण तिची किंमत वाढते. तार आखूड असेल तर हा प्रश्नच लहान होतो. गणितात नापास झालेल्या मुलाने पिंपावर मांडलेला तो गुणाकार आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

राहिली क्लीनरच्या आसनाखालची पेटी. ती कोरडी. तेथील हवा त्यातल्या त्यात धुळीपासून सुरक्षित. बॅटरीपासून अंतर दोन मीटरच. आवाज होतो, पण हवा भरताना माणसे खालीच उभी असतात. अडचण एकच. तो म्हणाला, “जॅकला उठवावे लागेल, सर.”

“आणि जॅक कोठे ठेवणार?” दादांनी विचारले.

त्याने हौद्याखालची आमची जुनी जागा दाखविली. लोखंडी जॅक, ग्रीस माखून ताडपत्रीच्या पिशवीत घट्ट बांधला, की चिखलाने त्याचे काय बिघडणार होते? त्याला श्वास घ्यायचा नव्हता. जी जागा एकाचा जीव घेते ती दुसऱ्यास सहज मानवते, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले. आम्ही मात्र जो आधी बसला होता त्यास उठवू नये, एवढ्याच विचाराने निवड केली होती.

आता भोके पाडावयाची, एवढ्यात तो थांबला. “सर, पयलीं ताका थंय बसोवन पळोवया.” आधी तेथे बसवून पाहू या. त्याने यंत्र पेटीत सुतळीने बांधले, तार तात्पुरती जोडली, इंजिन चालू ठेवले, म्हणजे बॅटरी उतरणार नाही, आणि दहा मिनिटे हवा भरली. मध्येमध्ये पेटीच्या लाकडाला हात लावून पाहिला. ते तापू लागले, तेव्हा पेटीच्या दोन्ही बाजूंस हवा खेळण्यासाठी भोके पाडावी लागतील असे त्याने ठरविले, आणि यापुढे पेटीत फडकी कोंबू नयेत अशी क्लीनरला ताकीद दिली. मग त्याने क्लीनरच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि कळ शोधावयास सांगितली. कारण ज्या रात्री हे यंत्र लागेल त्या रात्री अंधार असणार आणि पाऊसही असणार. क्लीनरचा हात दोनदा चुकला. कळीची जागा बदलली. एवढे झाल्यावरच त्याने चार भोके पाडली. बोल्टांखाली रबरी बुश बसविले, म्हणजे हादऱ्याने ते सैल होऊ नयेत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घातला. तार वाटेत कोठे घासून उघडी पडली तरी आग लागू नये म्हणून. यंत्रातून निघणारी पहिली हातभर नळी लोखंडी जाळीची घेतली आणि साधी नळी तिच्यापुढे जोडली, कारण निघणारी ताजी हवा साध्या नळीस सोसत नाही.

काम चालू असता आम्ही सहज विचारले, “चष्मा केव्हा लागला तुला? शाळेत तर नव्हता.”

“इथे आल्यावर, सर. समोरच्या फळीवरचा पाना मेस्त्री नंबर सांगून मागत, तो मला दिसत नसे. त्यांनीच डोळे तपासायला नेले. डॉक्टर म्हणाले, दोष पुष्कळ वर्षांचा आहे.”

तो बोल्ट आवळू लागला. आमच्या डोळ्यांपुढे आमचा वर्ग उभा राहिला. दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच दिवशी आम्ही मुलांस उंचीप्रमाणे बसवीत असू: ठेंगणी पुढे, उंच मागे. त्यात कोणाची अडचण होत नसे. व्यासपीठावरून वर्ग नेटका दिसे. हा मुलगा आठवीपासूनच उंच. तीन वर्षे तो शेवटच्या बाकावर बसला. फळ्यावरचे तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेई. ती लबाडी समजून आम्ही त्यास एकदा वर्गाबाहेर उभे केले होते. त्यास फळा दिसतो काय, हे आम्ही एकदाही विचारले नाही. हौद्याखालची जागा निवडताना जी कारणे आम्ही मनाशी दिली होती, अगदी तीच कारणे येथेही होती.

“चूक आमची झाली,” आम्ही म्हणालो. त्यास ती कोणती ते कळले असावे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, हा बोल्ट जरा धरा.” आम्ही बोल्ट धरला, आणि त्याने खालून नट आवळला.

गाडी घरी आली तेव्हा आईने आसनाची फळी उचलून आत डोकावले. तिने यंत्राचे नाक कोठे आहे ते विचारले. आम्ही बोट ठेवून दाखविले. ती “बरें” म्हणाली. त्यानंतर 2024 च्या पावसाळ्यात घाटात दोनदा चाक बसले. दोन्ही वेळा यंत्र चालले आणि दोन्ही वेळा भाजी बाजाराच्या वेळेस पोहोचली. दादा आता दर अमावास्येला स्टेपनीची हवा तपासतात. यंत्र आहे म्हणून निष्काळजी राहू नये, हेही ते त्या रात्री शिकले.

आमच्या वर्गातही थोडा फरक झाला आहे. 2024 च्या जूनपासून आम्ही पहिल्या दिवशी जागा कायम करीत नाही. प्रत्येक मूल शेवटच्या बाकावरून फळ्यावरील चार ओळी वाचून दाखविते. खिडकीच्या झळाळीने कोणास दिसत नाही, कोणास पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, हे आठवडाभर पाहून मग आम्ही बाके ठरवितो. त्या पहिल्याच वर्षी तीन मुलांस डोळे तपासून घेण्यास सांगावे लागले, आणि तिघांसही चष्मा लागला. त्यांना पुढे आणण्यासाठी पुढच्या बाकांवरील काहींस उठवावे लागले. एका मुलाचे वडील त्याबद्दल रागावून भेटावयास आले होते. त्यांच्या मुलाची दृष्टी उत्तम आहे, तो मागूनही पहिला येईल, असे आम्ही त्यांस सांगितले. त्यांची समजूत पटली की नाही, कोण जाणे. मुलगा मात्र मागे बसून पहिलाच आला.

पालकांस आमची विनंती आहे की, मूल वही डोळ्यांशी नेऊन वाचीत असेल तर त्यास रागावण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. आणि विद्यार्थिमित्रांनो, फळा दिसत नसेल किंवा आमचे बोलणे ऐकू येत नसेल, तर निःसंकोचपणे उभे राहून सांगा. तुम्ही सांगितल्यावाचून ते आमच्या ध्यानात येईलच असे नाही, हे आम्ही आता अनुभवाने लिहीत आहोत.